हळदीची नखं

फुलबागांच्या गावाच्या अगदी टोकाशी एक चिमुकली झोपडी होती. तिथे कुंदा राहायची. तिला आईबाबा नव्हते; यमुनाकाकू तिला सांभाळायची. काकू लोकांच्या रेशमी साड्यांवर टिकल्यांची नक्षी भरायची आणि त्यावर त्यांची चूल पेटायची. ताटात बहुधा नुसती पेज असे. पण कुंदा त्यातलाही वाटा आधी हळदीला द्यायची. हळदी म्हणजे तिची पिवळीधमक, गुबगुबीत मांजर.

एके सकाळी हळदीचं नख एका नवरीच्या शालूत अडकलं. चर्रर!

“कुंदे,” काकू रडवेली होऊन म्हणाली, “दुसऱ्याचं कापड गं हे! पुन्हा असं झालं तर हिला नदीपलीकडे सोडून यावं लागेल.”

कुंदा बागेत पळाली आणि जाईच्या वेलाखाली हुंदके देत बसली. तेवढ्यात पानांत मोरपिशी उजेड लुकलुकला. चतुराच्या पंखांसारखे झुळझुळीत पंख पसरून एक इवलीशी परी समोर उभी राहिली.

“आपल्या घासातला घास देणारी मुलगी तूच ना? एक इच्छा माग, राणी. पण मागणं दुसऱ्याच्या अंगाविषयी असेल, तर आधी त्याला विचारायचं. एवढाच नियम.”

“हळदीची नखं जाऊ देत!”

“विचारलंस तिला?”

मांजराला काय विचारायचं, असं कुंदाच्या मनात आलं. “हो,” ती घाईघाईने म्हणाली.

पऱ्या दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवतात. चंदेरी चुरा भुरभुरला आणि परी दिसेनाशी झाली.

घरी काकूने हळदीचे मऊ मऊ पंजे पाहिले. “अगंबाई! नखं गळली वाटतं. आता राहू दे हिला.” कुंदाने आनंदाने टाळ्या पिटल्या.

पण हळदी उठली, तिने पाऊल टेकवलं आणि चटका बसावा तसं उचललं. तिच्या शी-शूसाठी ठेवलेल्या घमेल्यातली राख पायांना टोचायला लागली, म्हणून ती कोपऱ्यातच घाण करू लागली. कुत्रा मागे लागला तेव्हा पेरूच्या झाडावर चढायला गेली आणि घसरून धपकन पडली. कुंदाने उचलायला हात घातला, तर ती कडकडून चावली.

“चावरी झाली मेली!” काकू ओरडली.

कुंदाचे कान तापले, मान वर होईना. हळदी चुलीमागे अंग चोरून बसली होती. शेवटी कुंदाच्याने राहवेना.

“काकू, तिला नको ओरडू. मीच तिची नखं घालवली. आणि परीशी खोटं बोलले.”

काकू थबकली. तिने हळदीचा पंजा अलगद चाचपला. “नुसती नखं नाहीत गं. बोटांची शेवटची पेरंच गेलीत. मला शिवायला पेरं नसती तर?” तिने हळदीला पदरात गुंडाळून उचललं. “चल. आपण दोघी जाऊ.”

जाईखाली परी थांबलेलीच होती. कुंदाला तिच्याकडे बघवेना.

“मी विचारलंच नव्हतं,” ती पुटपुटली.

“मला नको सांगूस, बाळ. जिचं घेतलंस तिला सांग.”

कुंदा मातीत गुडघे टेकून बसली. “हळदे, तू माझ्यापाशी राहावीस म्हणून मी तुला दुखवलं. तुला विचारलंही नाही. मला फार लाज वाटते गं.”

परीने हळदीच्या पंजांवर फुंकर घातली. शिंपल्यासारखी गुलाबी नखं चमचम करत परत आली. त्याच क्षणी हळदी उडी मारून सरसर आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसली.

“ती खाली येईल ना?” कुंदाने विचारलं.

“नखं मी दिली. माया मात्र मागून मिळत नाही,” परी हळुवारपणे म्हणाली. “पण खरं बोलणाऱ्या मुलीला वाट बघता येते.” सोनेरी उजेडाचा झोत उठला आणि ती त्यात विरघळून गेली.

काकूने अंगणातल्या खांबाला जाडसर गोणपाट गुंडाळलं. “इथे ओरबाडू दे हवं तेवढं. साड्या मी पेटीत ठेवीन.”

कुंदा आंब्याखाली बसून राहिली. तिने हाक मारली नाही. ऊन उतरू लागलं तशी फांदी हलली. हळदी एकेक पाऊल रोवत खाली आली, जराशी घुटमळली आणि कुंदाच्या मांडीवर चढून कणीक मळावी तसे पंजे दाबू लागली. परकरातून बारीक बारीक टोचत होतं. कुंदा जागची हलली नाही.