ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्यानेच वाचायचं

ऐका मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवून तुम्हीही ऐका. फार फार पूर्वी एका मोठ्या नदीकाठी एक राज्य होतं. राजा देवाधर्माचा होता, आणि तिथे न्यायाची एक वेगळीच रीत होती.

ज्याला सभेत काही म्हणायचं असेल, त्याने ते लिहून आणायचं. घरातल्याच कुणीतरी लिहायचं, भाड्याचा लेखनिक चालायचा नाही. आणि वाचायचं कुणी? तर ज्याच्याविरुद्ध लिहिलं असेल, त्यानेच! भर सभेत, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने. वाचताना अपमानाचा एक शब्द जरी लागला, तरी त्याने पत्र पालथं घालायचं. मग लिहिणाऱ्याची बाजू तिथेच संपली. पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याचाच न्याय व्हायचा, म्हणून एका शहाण्या राणीने ही रीत घालून दिली होती.

म्हणून तिथल्या पाठशाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गुरुजी बाजू मांडायचा निबंध शिकवत. एकदा विषय होता, अंगणातली चिंच तोडावी की राखावी. प्रत्येकाचा निबंध विरुद्ध बाजूच्या मुलाने वाचायचा.

भैरूने लिहिलं होतं, "चिंच राखा म्हणणारे सगळे हावरट आहेत."

नावाड्याची मुलगी येसू तो वाचत होती. तिने पहिल्याच ओळीला कागद पालथा घातला.

"अगं, पुढे वाच की! पुढे चांगली कारणं आहेत," भैरू ओरडला.

"असतील बाबा. आम्हा हावरटांना वाचायला वेळ कुठाय? चिंचा पाडायच्यात अजून."

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. मग म्हणाले, "आधी समोरच्याचं म्हणणं लिहा. असं लिहा, की तो म्हणाला पाहिजे, 'हो, हेच मला म्हणायचं होतं.' मग आपलं म्हणणं लिहा. त्याला कारण द्या, कारणाला पुरावा द्या. आणि भैरू, 'मला वाटतं' हा पुरावा नव्हे."

"पण गुरुजी, मला खरंच वाटतं!" भैरू म्हणाला, आणि वर्ग पुन्हा हसला.

पण त्या वर्षी नदी चढली, आणि येसूचं हसणं थांबलं.

गावात धान्याचे एक मोठे व्यापारी होते, शेठजी. त्याच सुमाराला पलीकडच्या काठावर बाजार होता. पाणी वाढत होतं, तरी शेठजींनी येसूच्या बाबांच्या नावेत पोत्यांवर पोती चढवायला लावली आणि मालाबरोबर आपल्या एकुलत्या एक मुलाला बसवलं. मधल्या धारेत नाव कलंडली. येसूच्या बाबांनी पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या, पण मुलगा हाती लागला नाही.

शेठजींनी राजाकडे फिर्याद केली, "या नावाड्याने माझा मुलगा बुडवला. याचं घरदार राज्याबाहेर काढा." घाटावरच्या माणसांनी पोती चढताना पाहिली होती. पण शेठजींच्या धाकाने कुणी तोंड उघडेना. बाबांना अक्षर येत नव्हतं, आईलाही नव्हतं. लिहायचं ते येसूनेच.

तिने रागारागाने लिहिलं आणि गुरुजींकडे धावली. गुरुजी शेठजींच्या जागी बसल्यासारखे ताठ बसले आणि वाचू लागले. "शेठजी, तुमच्या लोभानेच तुमचा मुलगा..." एवढं वाचून त्यांनी कागद पालथा घातला.

"पण गुरुजी, हे खरं आहे!"

"असेल. पण सभेत ते कुणी ऐकलं?"

दुसऱ्यांदा तिने लिहून आणलं, "माझे बाबा निर्दोष आहेत, नदीमाय साक्षी आहे."

गुरुजींनी हात जोडले. "नदीमायला साक्षीला ओढू नकोस, बाळ. शेठजींच्या घरचेही तिचीच ओटी भरतात. देवाला आपल्या बाजूला उभं केलं, की समोरच्याने जायचं कुठे? आणि मला सांग, शेठजींची बाजू तू कुठे लिहिलीस?"

"त्यांची बाजू मी का लिहू? ते आम्हाला हाकलतायत!"

"त्यांचा मुलगा गेलाय, पोरी."

येसूने कागद उचलला. ती घरी आली. बाबा घाटाकडे पाठ करून बसले होते. पूर ओसरल्यापासून ते तसेच बसत.

"बाबा, तुम्ही शेठजींना नाही म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. एकदा."

"मग?"

"मग ते ओरडले. मग मी नाव सोडली."

येसूने कोरा कागद पुढे घेतला. हे लिहावं, तर बाबांचा दोष उघडा पडणार. न लिहावं, तर निबंध खोटा होणार. तिने देवापुढे दिवा लावला, डोळे मिटून बसली आणि मनाशी ठरवलं, की खरं लिहायचं, सगळं लिहायचं, आणि ज्याने वाचायचं त्याला जपून लिहायचं.

सभेचा दिवस उजाडला. एका बाजूला येसूचे आईबाबा उभे होते. घरातली भांडीकुंडी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. राजाने खूण केली, आणि शेठजींनी पत्र उघडलं. त्यांचा अंगठा कागदाच्या कडेवरच होता, केव्हाही पालथा घालता यावा असा.

"शेठजींचा एकुलता एक मुलगा गेला," ते वाचू लागले. "तो आता कशानेही परत येणार नाही. नाव माझ्या बाबांची होती. पाणी चढलेलं त्यांना दिसत होतं. त्यांनी एकदा नाही म्हटलं, पण दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ही त्यांची चूक आहे."

सभेत कुजबुज झाली. येसूच्या आईने पदर तोंडाशी धरला. पोरीने हे काय लिहिलं!

शेठजींनी चमकून येसूकडे पाहिलं. मग पुढे वाचलं, "पण पूर ओसरल्यावर वाळूत रुतलेली पोती सापडली, नावेला पेलतील त्याच्या दुप्पट. ती घाटावर ठेवली आहेत. त्यांच्यावर वखारीची खूण..."

शेठजींचा आवाज थांबला. पुढचा शब्द त्यांना दिसत होता, तोंडातून निघत नव्हता. अंगठा कागदाखाली सरकला. येसूच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. राजाही पुढे वाकला.

"शेठजी," राजा हळूच म्हणाला, "अपमानाचा शब्द आहे का?"

शेठजींनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. "नाही महाराज," ते म्हणाले. "शब्द अपमानाचा नाही." आणि त्यांनी वाचलं, "...वखारीची खूण शेठजींच्या नावाची आहे. त्या दिवशी घाटावर दोन बाप होते. एकाला बाजार गाठायचा होता, एकाला मोठ्या माणसाचा शब्द मोडायची भीती वाटत होती. आम्हाला हाकललंत, तर नवा नावाडी येईल. तोही तसाच घाबरेल आणि पुन्हा कुणाचा तरी मुलगा जाईल. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की बाबांना शिक्षा द्या, पण घाटावरच ठेवा. आणि भार जास्त झाला तर नाही म्हणायचा हक्क महाराजांनी नावाड्याला द्यावा."

वाचून झालं. शेठजींनी पत्राची नीट घडी केली आणि राजाच्या हातात दिली. "त्या दिवशी मी किती घाई केली, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, महाराज," ते म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

राजाने घाटावरून पोती मागवून मोजली, खूण पडताळली आणि निकाल दिला. नावाड्याने वर्षभर उतारूंकडून काही न घेता नाव चालवायची, आणि घर आहे तिथेच राहायचं. प्रत्येक नावेच्या कुशीवर एक रेघ कोरायची. पाणी त्या रेघेला लागलं, की नावाड्याने हात वर करायचा. मग समोर राजा असला तरी नाव हलायची नाही.

शेठजी पुन्हा कधी येसूच्या बाबांशी बोलले नाहीत. जखम फार खोल होती. पण भरल्या नदीवर नावाड्याने हात वर केला, की ते स्वतः पाण्यात उतरून आपली पोती खाली घेत.

येसूच्या शब्दांना जसा शेवटपर्यंत वाचणारा मिळाला, तसा तुमच्या-माझ्या शब्दांनाही मिळो.

बोध: आपली बाजू मांडायची असेल, तर समोरच्याचं म्हणणं आणि आपली चूक आधी प्रामाणिकपणे लिहावी, मग खरं कितीही कडू असलं तरी ते ऐकून घेतलं जातं.