सातुकानं नवरी खाली नेली

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती, ते वायराकुचोतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईलाही सांगता येत नाही, अँडीजच्या डोंगरात ढगांच्याही वर हे शहर वसलं. अजूनही तिथेच आहे. तिथे आकाश इतकं जवळ, की कपडे वाळत घालताना हात जपून वर करावा लागतो, असं म्हणतात. हवा मात्र पातळ. चूल पेटवायची तर दोघांनी फुंकर घालावी लागते, आणि सकाळी चढवलेला बटाटा दुपारी शिजतो. तिथे जन्मलेल्यांना याचं काहीच वाटत नाही. त्यांच्या छात्या पिंपासारख्या रुंद, चढावरसुद्धा गात जातात. खालच्या खोऱ्यातून आलेला माणूस त्याच चढावर आधी हसतो, मग गप्प होतो, मग टेकायला भिंत शोधतो.

तेव्हा नदीपासून शहरापर्यंत एकच वाट होती आणि तिला एकवीस वळणं होती. चौदाव्या वळणावर वाटसरूंची धर्मशाळा होती, आणि ती सातुका नावाची बाई चालवायची.

सातुका भित्री होती. साधीसुधी नाही, नावाजलेली भित्री. अंगणात बांधलेला ओझ्याचा लामा शिंकला तरी तिच्या हातातली पळी पडायची. हमाल मुद्दाम तिच्या मागे जाऊन झाकण आपटायचे आणि ती किती उंच उडते यावर पैजा लावायचे. पण घाबरट माणूस कानानं जगतं. डोंगरावरून दगड सुटायच्या आधी सातुकाला ऐकू यायचा, असं म्हणतात. खोऱ्यातून निघालेला पाऊस कुठल्या वळणावर पोचलाय हे ती डोळे मिटून सांगायची.

तिच्या आईनं धर्मशाळेचा एक नियम घालून दिला होता. खालून आलेल्यानं दोन रात्री इथे काढायच्या, कोकाच्या पानांचा काढा प्यायचा, आणि निघताना पाठ करून उभं राहायचं. मग सातुका त्याच्या पाठीला कान लावायची. निरोगी श्वास वाळल्या गवतातून वारा जावा तसा वाजतो. पण कुणाकुणाच्या छातीत ही उंची पाणी भरते. त्यांचा श्वास पहाटेच्या कोवळ्या बर्फावर कुणी हलकेच पाय टाकावा तसा वाजतो, कर्र कर्र. तसा वाजला की त्या माणसानं खाली उतरायचं, लगेच उतरायचं. त्याला दुसरं औषध नाही.

मात्र सातुकाची एक चूकही झाली होती, आणि शहर ती विसरत नव्हतं. मिठाच्या एका व्यापाऱ्याला तिनं असंच घाबरून नदीपर्यंत पाठवलं होतं. तो परत आला तो शिव्या देत. त्याच्या छातीत काही नव्हतं, नुसतं पडसं होतं. तेव्हापासून कुणी शिंकलं की लोक म्हणायचे, "आता याला सातुकाकडे नका नेऊ, थेट समुद्रावर धाडेल."

मग एका वर्षी सातुकाच्या धाकट्या भावाचं, हिलारियोचं, लग्न ठरलं. मुलगी पार खाली खोऱ्यातली, जिथे पेरू पिकतात आणि माणसं अनवाणी हिंडतात. नाव बेनिता. वायराकुचोत तोवर इतक्या खालची सून कधी आलीच नव्हती. पाद्री वर्षातून एकदा शहरात यायचे, एक दिवस राहायचे आणि दुसऱ्या सकाळी खेचरावर बसून उतरायचे. म्हणून बेनितानं चार दिवस आधी येऊन धर्मशाळेत राहायचं, असं ठरलं होतं. पण खोऱ्यात दरड कोसळली, वाट अडली, आणि नवरी चौदाव्या वळणावर पोचली ती लग्नाच्याच दिवशी, ऐन दुपारी.

सातुका तिला बघून काढा आणायला धावली. मागून तोमासा आत्या आली. हिनंच सातुकाला आणि हिलारियोला आईमागे वाढवलं होतं, आणि हिच्या आवाजाला खेचरंही बिचकायची.

"दोन रात्री," सातुका पुटपुटली. "आईचा नियम आहे, आत्या."

"तो व्यापाऱ्यांसाठी. नवरी काय मीठ विकायला आलीये?" आत्या म्हणाली. "पाद्री उद्या जातील. मग वर्षभर पोरीला तुझ्या धर्मशाळेत ठेवणार का? पावेवाले ताटकळलेत."

वायराकुचोची रीत अशी, की नवरीनं चौदाव्या वळणापासून चौकापर्यंत नाचत यायचं. मध्ये थांबायचं नाही. नवरी वाटेत बसली तर त्या घरात काही टिकत नाही, असा समज होता. आजवर नवऱ्या यायच्या त्या शेजारच्या डोंगरांवरून, तेवढ्याच उंचीवरून. सात वळणं नाचणं म्हणजे त्यांना खेळ. त्यामुळे बेनितालाही नाचवायचं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सातुकानं नवरीच्या खांद्यावर शाल बांधली. बांधता बांधता तिचा कान क्षणभर पाठीला लागला. अगदी बारीक, अगदी खोल काहीतरी वाजलं. की बाहेर कुणी पेंढा तुडवला? तिला सांगता येईना. तिला मिठाचा व्यापारी आठवला. सगळ्यांचं हसणं आठवलं. तिनं गाठ मारली आणि नवरीला पुढे जाऊ दिलं.

वरात निघाली. पुढे वेळूचे पावे, मागे ढोल, मध्ये नवरी, आणि सगळ्यांच्या मागे, कुणी बोलावलेलं नसताना, सातुका.

पंधराव्या वळणावर बेनिता हसत होती. सोळाव्या वळणावर तिनं हसणं थांबवलं, नाच थांबवला नाही. सतराव्या वळणावर तिला खोकला आला आणि बायका म्हणाल्या, नवरी लाजली. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये जी फट असते तेवढ्यातून सातुका ऐकत होती. ठोका, आणि मग कर्र. ठोका, आणि मग कर्र. हे खरं, की आपलंच भय वाजतंय? अठराव्या वळणावर नवरीची नखं जांभळी दिसली. आत्या म्हणाली, थंडी आहे, ढोल वाढवा.

एकोणिसाव्या वळणावर बेनितानं हात वर केला आणि रिकाम्या हवेतून काहीतरी तोडलं.

"पेरू पिकलेत," ती म्हणाली. "आई, पाटी आण."

लोक हसले. तिला मक्याची दारू चढली म्हणाले. दारूचा थेंब तिला कुणी दिला नव्हता.

तेव्हा सातुका वरातीत घुसली. जिला शिंकेची भीती, ती दोन ढोलांच्या मधून गेली. तिनं नवरीच्या पाठीला कान लावला. आतून सबंध बर्फाचं मैदान कुणी तुडवत होतं.

"ही खाली जाणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पाव्यांनाच थांबावं लागलं.

"दोन वळणं राहिलीत," आत्या म्हणाली.

"दोन वळणांवर मरेल."

"मिठाचा व्यापारीही मरणार होता ना?"

सातुकानं आपली विणलेली जाड शाल सोडली, बेनिताला पाठीवर घेतलं, जशी तिथल्या बायका लेकरं घेतात, छातीवर गाठ मारली आणि खाली पळायला लागली. नवरी तिच्याहून हातभर उंच होती. तिचे पाय जमिनीला घासत होते, म्हणून डोंगरानंच वाट खोल करून दिली, असं म्हणतात. एकोणिसाव्या वळणाखाली ती घळ अजूनही दिसते.

वरातीत कल्लोळ झाला. भर वरातीतून नवरी पळवली, तीही नणंदेनं. हिलारियो काठी घेऊन मागे धावला. पंधराव्या वळणावर त्यानं तिला गाठलं.

"अक्का, खाली ठेव तिला. तू आमचं नाक कापलंस."

"ऐक," सातुका म्हणाली. थांबली नाही.

"काय ऐकू? तुला सगळ्यातच मरण ऐकू येतं."

"हो. येतं. आज तू ऐक."

तो चालता चालता वाकला. त्यानं बायको होऊ घातलेल्या त्या मुलीच्या पाठीला कान लावला. लावला आणि काठी टाकून दिली. मग तो अक्काच्या पुढे धावायला लागला, वाटेतले दगड बाजूला करत.

बाराव्या वळणावर बेनिताचा श्वास थांबला, असं म्हणतात. सातुकानं धावतानाच मोठा श्वास घेतला, आणि पाठीवरची छाती तिच्याबरोबर वर गेली. तिनं सोडला, तीही खाली आली. तिथून पुढे सातुका दोघींसाठी श्वास घेत होती. वाऱ्याला समजेना की एवढीशी बाई एवढी हवा नेते कुठे, म्हणून तो बघायला खाली आला, आणि येताना शहराची सगळी हवा घेऊन आला. त्या दुपारी वर चौकातल्या मेणबत्त्या आपोआप विझल्या, हे सांगणारे आजही भेटतात.

नवव्या वळणावर कर्रकर्र चालूच होती. सहाव्यावर पाठीवरचं ओझं इतकं गार पडलं, की सातुकाला मागे वळून बघायची हिंमत होईना. ती नुसती श्वास मोजत राहिली. चौथ्या वळणावर, जिथे पहिलं झाड लागतं, तिच्या मानेवर काहीतरी उबदार लागलं.

"मामाय," पाठीवरून आवाज आला. त्या मुलखात थोर बाईला मामाय म्हणतात. सातुकाला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. "मामाय, आपण कुठे चाललोय?"

सातुका दचकली आणि दोघीही आपटल्या.

सूर्य मावळायच्या आत हिलारियोच्या मागोमाग त्या नदीवर पोचल्या. बेनिता एका सपाट दगडावर बसली. सातुका तिच्या शेजारी बसली. दोघी नुसत्या बसून राहिल्या, एका लयीत श्वास घेत, दिवस उजाडेपर्यंत.

सकाळी पाद्री खेचरावरून उतरत आले. शहर सोडून निघालेल्या पाद्र्याला जायला तीच एक वाट होती, हे आदल्या दिवशीच्या घाईत कुणाला सुचलंच नव्हतं. नदीवर आल्यावर त्यांचं खेचर बसलं ते तीन दिवस उठलं नाही, असं म्हणतात. पाद्रीच उठले नाहीत, असंही म्हणतात. चौथ्या दिवशी बेनिता स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि नदीकाठी लग्न लागलं. तोमासा आत्या पावेवाल्यांना घेऊन उतरून आली होती. ती जाऊन सातुकाच्या दगडावर बसली. आत्या कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

मग वरात परत चढली. दर दिवशी एक वळण, आणि प्रत्येक वळणावर सगळ्यांनी बसायचं. एकवीस दिवस वाजवून पावेवाल्यांचे ओठ फाटले. एकविसाव्या दिवशी बेनितानं वायराकुचोच्या चौकात पाय ठेवला, तो नाचत. तिला सात मुलं झाली आणि त्या घरात सगळं टिकलं.

सातुका पुढे कधी गेली, कुठे पुरली, कुणाला ठाऊक नाही. आता वाटेवर डांबर आहे आणि बसगाड्या वर जातात. पण चौदाव्या वळणावर ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि घाईतल्या प्रवाशांच्या कुरबुरीकडे लक्ष देत नाही. वायराकुचोच्या नवऱ्या आता नाचण्याआधी बसतात. आणि शहराच्या पायऱ्या चढताना बाहेरगावचं कुणी दमून टेकलं, की जाणारा-येणारा एखादा माणूस, हातात भाजीची पिशवी असो की कामावर जायची घाई, काही न विचारता शेजारी येऊन बसतो. पाहुण्याचा श्वास जागेवर येईपर्यंत तो त्याच्या लयीत श्वास घेत राहतो, आणि पाहुणा उठेपर्यंत उठत नाही.