बिनआवाजाची उडी

"म्हणजे तिची जुनी उडी आता परत येणारच नाही का, ताई?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. विचारला मात्र भर संध्याकाळी, व्यायामशाळेच्या बाकावर बसून, मथूताईंना.

मथूताई मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात. सत्तरी केव्हाच ओलांडली. मुली दोरीवरून उतरू लागल्या की त्या पाठ करून बसतात. बघत नाहीत, ऐकतात. उतरल्याचा आवाज आला तर पुन्हा वर, एवढाच त्यांचा नियम.

माझी शाल्मली उतरायची ते कधी कळायचंच नाही. मांजर जशी. मग दहाव्या वर्षी ती भराभर उंच झाली, आणि अकरा पुरी व्हायच्या आत पाळी आली. मैत्रिणी अजून चिमुरड्याच आहेत. ही आता उतरते ती धप्पकन, गुडघे आत वळून एकमेकांवर आपटतात. परवा कळवळून मॅटवरच बसली.

डॉक्टर म्हणाले, काही फाटलेलं नाही, वाढीच्या वयात मुलींचं असं होतं, पायांची ताकद वाढवा. मी शिकलेली बाई. त्यांचं ऐकायचं सोडून मोबाइलवर गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया बघत बसले.

"तिचं नाव काढून घेते," मी म्हटलं. "जरा मोठी होऊ दे."

"मोठी झाली म्हणूनच आलीस ना?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"हाडं पुढे पळालीत, ताकद मागून येतेय. गाठेल. ते मी बघते." त्या थांबल्या. "घरी कशी बसते?"

"नीट बसते... हल्ली. सांगावं लागतं."

"काय सांगतेस?"

...

सोफ्यावर, रिक्षात, पाहुण्यांसमोर. माझाच आवाज मला ऐकू आला. गुडघे जुळवून बस.

मलाही आई हेच सांगायची. का कोण जाणे, ते मी ताईंना सांगून टाकलं. शाळेत उंच उडीसाठी वाळूचा खड्डा होता. पाळी आली आणि आई म्हणाली, आता पुरे. तेव्हापासून मी तो लांबूनच बघितला. अजून स्वप्नात येतो. वाळू नुकती सारखी केलेली असते, तिच्यावर कुणाचंच पाऊल नसतं.

ताई माझ्या मांडीकडे बघत होत्या. मीही बघितलं. गुडघे घट्ट चिकटलेले, आणि वर पर्स, दोन्ही हातांनी धरलेली.

त्यांनी ती पर्स उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

मग शाल्मलीला हाक मारली. ती माझ्याकडे न बघता दोरीवर चढली. चढताना अजूनही तशीच दिसते, पूर्वीची. माझी नजर तिच्या गुडघ्यांवर गेली, तशी ताईंनी माझ्या खांद्याला धरून मला भिंतीकडे वळवलं.

"आज तू पाठ कर."

आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. दोरी करकरली. मग काहीच नाही...

धप्प.

मी वळणार, तर खांद्यावरचा हात हलेना.

"आवाज आला," मी म्हटलं.

"आला," मथूताई म्हणाल्या. "खड्डा सुटल्यापासून तुझ्या उडीचा आला कधी?"

...

भिंतीचा रंग सोललेला होता. मी बराच वेळ तो बघत राहिले. मग न वळताच म्हटलं, "शाल्मली, पुन्हा वर."

मागे तिच्या धापांचा आवाज. ती बाकापर्यंत आली असावी.

"आई, तुझी पर्स खाली कशी? तू पण चढतेयस का?"