गुडघ्यावरची गिनती

“उस्ताद, मानूस पडूच नाई, असा काही गार्ड हाय का?”

गवई उस्ताद फाटलेली सँडबॅग शिवत बसले होते. त्यांनी दाभणाने एक टाका घातला, सुतळी करकचून ओढली आणि मान वर न करता म्हणाले,

“हाय ना.”

“मंग शिकवा मले.”

“रिंगमंदी जायचंच नाई. घरी बसायचं. कोनी पाडत नाई.”

विचारणाऱ्याला हसू आलं नाही. एरवी तो हसण्यात कंजूष नव्हता. त्याचं हसू पेपरात छापून यायचं, तेही रंगीत.

त्याचं नाव संघपाल तायडे. खामगावातल्या ह्याच बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये त्याने पहिल्यांदा हातमोजे घातले. कापूस इथून कधीच गेला होता, पण पावसाळी हवा पडली की भिंतींना अजून सरकीचा वास येई. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या उस्तादांनी त्या शेडमध्ये दोरखंडाचं रिंगण बांधलं आणि गावच्या पोरापोरींना ठोसे मारायला शिकवलं. ठोसे खायलाही शिकवलं, पण त्याचं कौतुक कोण करतो?

संघपाल राज्यात पहिला आला. मग देशात पहिला आला. गावाने त्याला उघड्या जीपमधून मिरवलं, गुलाल उधळला. चौकात त्याचा फ्लेक्स लागला. खाली नाव तायडे, वर मोठ्या अक्षरांत ‘वऱ्हाडचा वाघ’.

वाघाला मग गाव पुरेना. पुण्याच्या एका नामांकित कोचने बोलावलं आणि तो गेला. उस्तादांच्या पाया पडायला यायला जमलं नाही. गाडीत बसल्यावर त्याने फोनवर मेसेज टाकला. उस्ताद त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे लागलं नव्हतं असं मात्र नाही.

आणि मग एका फायनलला, ज्याचं नाव पुकारताना निवेदकाची जीभ अडखळली अशा एका नवख्या पोराने संघपालला उजव्या हाताचा ठोसा दिला. संघपाल खाली गेला.

आयुष्यात पहिल्यांदा.

चटका बसावा तसा तो उठला. रेफरीच्या तोंडून ‘एक’ निघतो न निघतो तोच उभा. लोकांकडे बघून दोन्ही हात पसरले, हसला. काही झालं नाही, घसरलो, असं सगळ्या हॉलला खुणेने सांगितलं. रेफरीने नियमाप्रमाणे आठपर्यंत मोजलं. तेवढा वेळ हा पठ्ठ्या पायांवर नाचत राहिला. पाय त्याचे नव्हतेच तेव्हा.

पुढचा ठोसा त्याला दिसलाही नाही.

त्यानंतरही तो हरला, पुन्हा हरला, आणि दर वेळी तसाच. पेपरांनी ‘तायडे संपला’ असं छापलं. चौकातला फ्लेक्स उतरला. पंक्चरवाल्याने तो आपल्या टपरीवर पालथा टाकला, पाणी गळू नये म्हणून.

आता रविवारी नागपुरात निवड चाचणी होती. तिथे जमलं तर राष्ट्रीय शिबिर, नाहीतर वयच त्याला बाद करणार होतं. पुण्याचा कोच फोन उचलत नव्हता. रिंगच्या कोपऱ्यात पाणी आणि टॉवेल घेऊन उभं राहायला संघपालकडे माणूस उरला नव्हता.

म्हणून तो आला होता.

“उस्ताद... रविवारी माह्या कोपऱ्यात उभे राह्यसान?”

उस्तादांनी दाभण बाजूला ठेवलं. चष्मा काढून सदऱ्याने पुसला.

“येईन.”

संघपालचा चेहरा उजळला.

“पन आधी बस.”

संघपाल शेजारच्या बाकावर बसायला लागला.

“तसा नाई. एक गुडघा टेकव. पडल्यावर मानूस बसते तसा.”

“काहून?”

“पाह्याचं हाय मले.”

“उस्ताद, मी पडाले नाई आलो. उभं राहाले आलो.”

“उभा तं तू लय चांगला राह्यतं,” उस्ताद म्हणाले. “गावभर फोटो होते तुहे.”

हे झोंबलं.

त्या आखाड्याची एक रीत होती. नवा पोरगा किंवा पोरगी आली की पहिल्या आठवड्यात ठोसा नाही, गार्ड नाही. नुसतं गुडघ्यावर बसायचं. बाकीच्यांनी भोवती उभं राहून गिनती करायची. आठ म्हटल्यावरच उठायचं, आधी उठलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरं कंटाळायची, खिदळायची, एखादं रडायचंही. बाहेरचे लोक विचारायचे, हे काय बॉक्सिंग आहे की शाळेतली शिक्षा?

संघपालने ते कधीच केलं नव्हतं.

“चूक माही हाय,” उस्ताद म्हणाले. “तू आला त्याच दिवशी म्या तुहा डावा हात पाह्यला, आन् येडा झालो. सगळ्यायले बसवलं, तुले नाई बसवलं. म्हटलं, हे पोट्टं कायले पडते? कोनाच्या बापाच्यानं पडनार नाई.”

“मंग पडलोच नाई ना मी! इतके वर्षं!”

“तेच तं.”

...

“प्रणाली!” उस्तादांनी हाक मारली.

प्रणाली शेगोकार कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारत होती. राज्य पातळीवर खेळणारी, वजनाने संघपालहून भारी, बोलायला कमी. तिने दोरी खुंटीला अडकवली.

“याच्यासंगं एक राउंड खेळ.”

संघपाल हसला. त्या दिवशीचं पहिलं हसू. “उस्ताद, पोरीसंगं?”

प्रणालीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दातांत गार्ड बसवला आणि दोरखंडाखालून आत गेली.

सुरुवातीला संघपालच भारी पडला. पाय हलके होते, डावा हात अजून तोच होता. शेडमधली बाकीची पोरं आपापलं काम सोडून बघायला लागली आणि संघपालला ते कळलं. त्याने थोडी ऐट केली. हात खाली सोडले, हनुवटी पुढे काढून डिवचलं.

प्रणालीचा हूक कानशिलावर बसला. डोक्याला गार्ड होता, तरी आवाज शेडभर झाला.

संघपाल खाली.

“एक...” उस्ताद म्हणाले.

संघपाल उभा होता. हात पसरलेले, तोंडावर तेच छापील हसू.

“घसरलो.”

“घसरला?”

“हो ना. चटई ओली हाय.”

“असं. मंग खेळा.”

प्रणाली पुढे गेली. एक पाऊल टाकलं आणि थांबली. तोंडातला गार्ड काढून म्हणाली,

“उस्ताद, मी नाई मारत. याचे पाय जाग्यावर नाईत.”

“कोन म्हनते?” संघपाल ओरडला. “ये! मार!”

प्रणालीने ठोसा मारला नाही. तिने मोजा त्याच्या छातीवर नुसता टेकवला, आपण दार ढकलतो तेवढ्याच जोराने. वऱ्हाडचा वाघ मटकन खाली बसला.

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. संतापून भांडता तरी आलं असतं.

तो उठायला निघाला. एक हात जमिनीवर, एक गुडघा वर. आणि त्याला शेजारी काहीतरी हालचाल जाणवली.

गवई उस्ताद दोरखंडातून आत येत होते. पंचाहत्तरीचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढताना भिंत धरणारा. ते संघपालपाशी आले, एका हाताने दोर धरला आणि सगळ्या शेडसमोर, कण्हत, एक गुडघा चटईवर टेकवून त्याच्या शेजारी बसले.

“उस्ताद, हे काय करून राह्यले? उठा!”

“एक,” उस्ताद म्हणाले.

“उठा ना! पोट्टे पाहून राह्यले!”

“पाहू दे. दोन...”

संघपालचे डोळे भरून आले. लाज होती, राग होता, आणि खाली कुठेतरी फार जुनं, पाया न पडता गाडीत बसल्याचं दुखणं होतं. ते सगळं एकदम वर आलं. त्याने उठण्यासाठी जमिनीवर टेकवलेला हात उचलला.

पण उठला नाही. हात गुडघ्यावर ठेवला.

“तीन...” उस्ताद सावकाश मोजत होते. “काय दिसते?”

“काय दिसनार? चटई.”

“मान वर कर.”

“...तिचे पाय.”

“चार. आन्?”

“डाव्या पायावर भार देऊन उभी हाय. उजवी टाच उचलली.”

“पाच...”

“तोंडानं श्वास घेऊन राह्यली. दमली हाय ते.” संघपालचा आवाज बदलला. “उस्ताद, दमली हाय ते!”

“थो फायनलचा पोट्टा दमला होता का?”

संघपालने डोळे मिटले. तो हॉल, ते दिवे, ते लोक. लोकांचे चेहरे त्याला एकूण एक आठवत होते. त्या पोराचा चेहरा आठवेना.

“मले नाई मालूम,” तो म्हणाला. “म्या पाह्यलंच नाई त्याच्याकडे.”

“सहा.”

शेडमध्ये आता कुणी हलत नव्हतं. पंखा तेवढा करकरत होता. संघपालच्या कानातली शीळ हळूहळू कमी झाली. मांड्यांमधली थरथर कमी झाली. पायांची बोटं त्याने बुटात हलवून पाहिली. होती.

“सात...”

आता उठावं असं त्याला वाटलं. उठता आलंही असतं. त्याने दात आवळले आणि बसून राहिला. ते एका गुडघ्यावर बसणं त्याला आजवरच्या सगळ्या लढतींपेक्षा जड गेलं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.

“आठ.”

संघपाल उठला. हात पसरले नाहीत, हसला नाही, कुणाकडे पाहिलं नाही. गार्ड वर घेतला आणि प्रणालीकडे बघितलं. प्रणालीने दात आवळून मान हलवली.

उरलेला राउंड ते दोघं खेळले. उस्ताद दोराच्या कडेला तसेच, एक गुडघा टेकून. संघपालने ठोसे खाल्ले, दिलेही. त्याचा डावा सरळ ठोसा दोनदा प्रणालीच्या कपाळावर बसला, कारण तिचा भार कुठे आहे हे आता त्याला माहीत होतं. कोण जिंकलं हे कुणी विचारलं नाही. घंटा वाजली तेव्हा दोघंही उभे होते. प्रणाली मोजे काढत म्हणाली, “आता खेळला तू. आधी नाचून राह्यला होता.” आणि पाणी प्यायला निघून गेली.

संघपाल उस्तादांकडे आला. वाकून हात पुढे केला.

“चला, उठा आता.”

“थांब.”

“काहून? दुखते का?”

“दुखते तं हायच,” उस्ताद म्हणाले. “माही गिनती व्हाची हाय अजून.”

“तुमची कायची गिनती?”

“तू गेला ना पुन्याले... त्या दिवशी मी बी पडलो होतो. आन् मी बी असाच झटक्यानं उठलो. लोकायले म्हटलं, काई नाई झालं मले, गेला तं गेला.”

संघपाल उस्तादांसमोर खाली बसला, दोन्ही गुडघे टेकून, आणि जे तेव्हा करायचं राहिलं होतं ते केलं. उस्तादांच्या बुटांना चटईची धूळ लागली होती. त्याने डोकं टेकवलं तेव्हा ती त्याच्या घामेजल्या कपाळाला चिकटली.

उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ तसाच राहिला.

...

“उस्ताद.”

“हं.”

“रविवारी पडलो तं बसीन. आठ म्हनेपर्यंत बसीन. सगळं नागपूर हसू दे.”

“बरं.”

“पन एक सांगा.” संघपालने डोळे पुसले. त्याच्या आवाजात आता पूर्वीची ऐट नव्हती, पण जोर होता. “पडलोच नाई तं? सगळ्यायले हानून जितूनच आलो तं?”

उस्तादांनी दोर धरला. हळूहळू, एकेक सांधा सावरत, ते उठायला लागले.

“जितला तं आठात भागनार नाई. लय वेळ बसा लागंन, पोट्ट्या.”