केशर, ढगू आणि पळसाचा दोर

आटपाट नगर इथून फार लांब आहे आणि तिथल्या राजाशी आपल्याला काही देणंघेणं नाही. आपली गोष्ट पळसवाडीतली. माघ सरत आला की या वाडीभोवतीच्या रानात पानं गळून जातात आणि फांदीफांदीवर केशरी, लालचुटुक फुलं उमलतात. सकाळच्या उन्हात सगळी टेकडी अशी झळाळते की डोळे बारीक करूनच बघावं लागतं.

वाडीच्या टोकाला एक इवलंसं खोपट होतं. तिथे केशर नावाची आठ वर्षांची चिमुरडी आणि तिची आई, अशा दोघीच राहायच्या. आई पत्रावळी लावायची. पळसाचं एकेक पान जोडायचं, बारीक काडीने टाचायचं, की झाली गोल गरगरीत पत्रावळ. वाडीतल्या सगळ्या लग्नांची पंगत तिच्या पत्रावळींवर उठायची. पण त्या दोघींच्या टोपल्यात मात्र पुष्कळदा एकच भाकरी असायची. अर्धी आईची, अर्धी केशरची.

आणि ढगूची?

ढगू म्हणजे केशरचा कुत्रा. करडा, केसाळ, गुबगुबीत, अगदी श्रावणातला ढग. केशर त्याच्या कानात गाणी म्हणायची, अंगातले गोचीड वेचायची, त्याला कुशीत घेऊन झोपायची. मायेत काही कमी नव्हती, कमी होती ती भाकरी. म्हणून वाडीत जेवणावळ असली की केशर म्हणायची, "जा ढग्या, जेवून ये!" मग ढगू धावत देवळामागे जायचा. तिथे उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडलेला असायचा.

आता केशरला एकटीला नावं ठेवू नका हं. पळसवाडीत सगळेच असं करायचे. कुत्रं घरचं, पण त्याचं पोट गावाचं! दिवसभर ते कुठे आहे, काय खातंय, कुणावर गुरगुरतंय, कुणी बघायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात जनावरांचे डॉक्टर कुत्र्यांना लस टोचायला आले, तेव्हाही ढगू गावभर उंडारत होता. केशर म्हणाली, "पुढच्या वेळी टोचू."

मग एक दिवस देवळापुढे लग्नाची पंगत उठली. बुंदीचा घमघमाट सुटला होता. चार वर्षांचा मनू हातात कागदाचं भिरभिरं घेऊन पळत होता. वारा आला आणि भिरभिरं उडून पडलं थेट पत्रावळींच्या ढिगावर. ढगू तिथे मान खाली घालून जेवत होता. मनूने मागून येऊन पटकन हात घातला.

खप्‌!

मनूच्या तळहातावर दात लागला आणि रक्त आलं. मनूची आजी, गिरणीवाली चंद्राक्का, धावत आली. तिने मनूला उचललं आणि जखमेवर मूठभर तिखट दाबलं. "इख उतरतं यानं!" ती म्हणाली. इख काही उतरलं नाही, मनूने मात्र आभाळ डोक्यावर घेतलं.

गावचे पोलीस पाटील तात्या तरातरा आले. त्यांच्या मिशा रागाने थरथरत होत्या. "केशर, ऐक. उद्या उजाडताच हे कुत्रं नदीपार सोडायचं. परत वाडीत दिसता कामा नये."

नदीपार म्हणजे मोठं रान. तिथे लांडगे. केशरने ढगूच्या मानेला मिठी मारली आणि त्याला घेऊन ती पळसाच्या रानात पळाली.

एका म्हाताऱ्या पळसाखाली बसून ती रडली, खूप रडली. ढगू तिचे गाल चाटत होता. "तुला लांडगे खातील रे," ती हुंदके देत म्हणाली. "आणि मनूचा तो एवढासा हात! किती झोंबत असेल त्याला."

हे शब्द तोंडातून निघाले मात्र, वरची एक कळी टचकन उमलली. त्यातून सोनेरी धूळ भुरभुर खाली आली आणि त्या धुळीत उभी राहिली एक परी. अंगठ्याएवढी! पंख केशरी पाकळ्यांचे, झगा कोवळ्या उन्हाचा आणि डोक्यावर पळसाच्या कळीला असते तशीच काळी मखमली टोपी.

"मी पळसपरी," ती किणकिणत म्हणाली. "आपल्या कुत्र्यासाठी रडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. तू ज्याला चावा बसला त्याच्यासाठीही रडलीस, म्हणून आले. या घे तीन पाकळ्या. तीन पाकळ्या, तीन इच्छा."

केशरचे डोळे लकाकले. "मग तात्यांचा राग घालवून टाक ना!"

"अंहं. नियम पहिला, कुणाचं मन बदलून मिळणार नाही. ते ज्याचं त्याने बदलायचं. नियम दुसरा, सूर्य मावळला की इच्छा विझते आणि जादूने आणलेली वस्तू नाहीशी होते. पण तेवढ्या वेळात तू जे शिकशील, ते तुझंच. ते मलासुद्धा परत घेता येत नाही."

केशरने डोळे पुसले. ऊन अजून डोक्यावरून थोडंच कललं होतं. तिने पहिली पाकळी उचलली. "मला ढगूचं बोलणं कळू दे."

पाकळी चमचमली आणि विरून गेली. ढगूने कान खाजवला आणि तो म्हणाला, "आधी पाणी. सकाळपासून घोटभर पाणी मिळालेलं नाही."

केशर शरमली. तिने ओढ्यावरून ओंजळीने पाणी आणून त्याला पाजलं. मग हळूच विचारलं, "ढगू, तू मनूला का रे चावलास?"

"मनू होता तो? मला कुठे दिसला! त्या ढिगावर आम्ही पाच कुत्री असतो. मान खाली घातली की कुणीतरी मागून येऊन हिसकावतं. मग मीही हिसकावतो. मागून काही आलं की मी दचकतोच. मी गुरगुरलो होतो गं, पण पळणाऱ्या पोराला गुरगुर काय ऐकू येणार?"

"मग मी काय करू?"

"मला आपल्या दारात वाढ. अर्धीच्या अर्धी दे, चालेल, पण माझ्या भांड्यात दे. जेवताना कुणी जवळ येऊ नये. आणि बाहेर जाताना तू बरोबर असलीस तर बरं. तू असलीस की मला सगळं गाव राखायची काळजी नसते."

केशरने ढगूच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटायचं, मोकळं सोडलं म्हणजे लाड केले. आज कळलं, ढगू तिथे भीत भीत जेवत होता. तिला फार वाईट वाटलं. पण ती वाईट वाटून घेत बसणारी पोर नव्हती. तिने दुसरी पाकळी उचलली.

"मला सोन्याची साखळी..." ती बोलू लागली आणि थबकली. सोन्याची साखळी सूर्याबरोबर जाणार! मग तिने पळसाच्या बुंध्याकडे पाहिलं. पळसाच्या मुळ्या कुटून त्यांच्या वाखाचा दोर वळतात, हे तिला माहीत होतं. आजोबा वळायचे. पण आजोबांबरोबर ती कलाही गेली होती.

"परी, माझ्या बोटांना दोर वळता येऊ दे."

"शहाणी गं माझी!" पळसपरी टाळ्या वाजवत म्हणाली.

केशरने मुळ्या खणल्या, दगडाने कुटल्या, ओढ्यात धुतल्या. बोटं आपोआप वळू लागली, पीळ चढत गेला. वळता वळता ती मनात घोकत होती, डावा धागा खाली, उजवा वर, मग पीळ. थोड्या वेळाने एक मऊ, पिंगट, चिवट दोर तयार झाला. ढगूने वास घेतला आणि मान पुढे केली. "टोचत नाही," तो म्हणाला.

आता उरली एकच पाकळी. केशरने ती ओच्यात बांधली. "ही ढगूसाठी. उद्या त्याला न्यायला येतील, त्याआधी काहीतरी मागेन."

"माग," परी म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. कुत्र्याच्या दातापुढे परीची जादू चालत नाही. तिथे साबण, पाणी आणि डॉक्टरची सुई, एवढंच चालतं. आणि तेही लवकर."

केशर ताडकन उठली. तिने ढगूला घरी नेऊन खांबाला बांधलं, पाणी ठेवलं आणि धावत गिरणी गाठली.

मनू आजीच्या मांडीवर मुसमुसत होता. केशर सरळ पुढे जाऊन उभी राहिली. "चंद्राक्का, चूक ढगूची कमी आणि माझी जास्त. मीच त्याला मोकळा सोडला होता. त्याला लसही टोचलेली नाही. मनूला आत्ता दवाखान्यात नेऊ या."

"आत्ता?" चंद्राक्काने कपाळाला हात लावला. "शेवटची यष्टी कवाच गेली. दवाखाना तीन कोसांवर. डॉक्टरीणबाई दिस मावळायच्या आधीच जातीया. बघू उद्या-परवा."

सूर्य टेकडीकडे झुकला होता. केशरने ओच्याची गाठ सोडली. तळहातावर ती शेवटची पाकळी थरथरत होती. ही गेली की ढगूसाठी काही उरणार नव्हतं. तिला लांडगे आठवले. मग तिने मनूच्या लालभडक, सुजलेल्या हाताकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटले.

"परी, दवाखान्याचा रस्ता लहान कर."

पाकळी लखकन चमकली. आई जशी दोन पानं जवळ आणून काडीने टाचते, तशी परीने गिरणीची पायरी आणि दवाखान्याचा उंबरा जवळ आणून टाचला! चंद्राक्काने मनूला घेऊन केशरबरोबर एक पाऊल टाकलं ते थेट डॉक्टरीणबाईंच्या समोर. बाई कुलूप लावतच होत्या.

त्यांनी आधी जखम साबणाने, वाहत्या नळाखाली चांगली पंधरा मिनिटं धुतली. सगळं तिखट वाहून गेलं. मग सुई टोचली. "पुन्हा कधी तिखट, चुना, हळद काही लावू नका," त्या म्हणाल्या. "धुवायचं आणि यायचं. पुढच्या सुयाही सांगितलेल्या दिवशी घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. कुत्रं कुठे आहे?"

केशर खाली बघत म्हणाली, "घरी बांधलाय. उद्या त्याला नदीपार सोडणार आहेत."

"छे, छे! अजिबात नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर पाहिजे. नीट खातंय का, आजारी तर नाही ना, हे रोज बघायचं. सोडून दिलं तर कळणार कसं? तुमच्या पोलीस पाटलांना मी चिठ्ठी देते."

दवाखान्याच्या उंबऱ्यावरून तसंच एक पाऊल टाकून तिघं वाडीत परतले. तात्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "दहा दिवस. पण जबाबदारी तुझी, केशर."

"माझीच," केशर म्हणाली.

सूर्य मावळला. ढगू बोलायचा थांबला आणि केशरच्या बोटांतली जादू गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने मुळ्या कुटल्या आणि घोकलं, डावा धागा खाली, उजवा वर, मग पीळ. पहिला दोर वेडावाकडा झाला, दुसरा बरा, तिसरा झकास.

रोज सकाळ-संध्याकाळ ती दोर धरून ढगूला फिरवायची. त्याची घाण मातीत पुरायची. भाकरीचे आता तीन वाटे व्हायचे आणि तिसरा ढगूच्या भांड्यात पडायचा. तात्या रोज कुंपणाबाहेरून बघून जायचे. दहाव्या दिवशी त्यांनी पाहिलं, तर ढगू ठणठणीत होता आणि शेपूट हलवत होता. मनूचा हातही बरा झाला होता.

"राहू दे त्याला," तात्या म्हणाले. मग घसा खाकरून हळूच पुढे म्हणाले, "आमच्या वाघ्यालाही एक दोर वळून दे की."

मग काय, दारोदारची कुत्री दोर मागू लागली! जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा ढगू रांगेत पहिला होता आणि मागे अख्खी वाडी उभी होती. देवळामागे खोल खड्डा खणला गेला. उष्ट्या पत्रावळी त्यात पडू लागल्या, वर माती. दोराच्या बदल्यात चंद्राक्का केशरच्या घरी पीठ पाठवू लागली. टोपल्यात आता भाकऱ्यांची चळत दिसायची.

फाल्गुनात पुन्हा पंगत उठली. केशर ढगूला घेऊन खोपटाच्या दारात होती आणि ढगू आपल्या भांड्यात जेवत होता. मनू नवं भिरभिरं घेऊन पळत आला आणि चार पावलांवर थांबला. हात दोन्ही बाजूंना खाली सोडलेले, झाडासारखा सरळ.

"केशरताई, येऊ का?"

"थांब. त्याचं जेवण होऊ दे."

मनू थांबला. चार वर्षांच्या पोराने थांबणं ही काही साधी गोष्ट नाही, पण तो थांबला. ढगूने शेवटचा तुकडा खाल्ला, भांडं चाटलं, कान सैल सोडले आणि शेपटीने जमीन झाडली.

"आता ये. आधी मूठ पुढे कर, त्याला वास घेऊ दे."

ढगूने मनूची ती बरी झालेली मूठ हुंगली आणि चाटली. मनू खुदकन हसला.

तेवढ्यात मावळत्या उन्हात केशरी धूळ चमचमली. पळसपरी दारावर बसून पाय हलवत होती. "केशर, दोन पाकळ्या तू ढगूपायी दिल्यास आणि तिसरी त्याच्यासाठी जपून ठेवलेली मनूला दिलीस. म्हणून एक जास्तीची आणलीय. पुन्हा ढगूचं बोलणं ऐकायचंय?"

केशरने ढगूच्या कानांकडे पाहिलं, शेपटीकडे पाहिलं आणि पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. ढगू लपलप पाणी पिऊ लागला.

"नको," ती म्हणाली. "आता मला कळतं."

परी हसली. तिचे पंख झळाळले, झगा झळाळला, सगळं अंगण सोन्याचं झालं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली. मग सूर्य मावळला. केशरच्या हातातला दोर मात्र होता तिथेच होता.