आधी पडायला शिकवा

सखाजी वस्ताद मेला, तालीम बंद पडली, तरी तिन्हीसांजेला आतून त्याचा शड्डू ऐकू यायचा. मग तो कुणाच्या तरी दारात उभा राही. त्या घरचं पोर शिकायला जाई, ते परत येत नसे.

एकदा तो पुतळाबाईच्या अंगणात आला.

"लाठी, पट्टा की कुस्ती? बोल, तुझ्या गंगूला काय शिकवू?"

पुतळाबाईनं लेकीला पदराआड घेतलं. "कुस्तीच शिकवा, वस्ताद. पण लहान पोरांना आधी पडायला शिकवतात. तेवढं करून दाखवा."

"माझी पाठ जन्मात मातीला लागली नाही!"

"म्हंजे अर्धीच विद्या की हो तुमची! लेक कशी धाडू?"

चिडून तो तिथंच उताणा पडला. मातीनं त्याला पुन्हा उठू दिलं नाही.

अंगण कितीही सारवा, पाठीएवढी ती जागा अजून ओलीच राहते.