चामड्याच्या पिशवीतला वारा

एका राज्यात वारा नव्हता. पूर्वी होता, मग तो बांधला गेला. चुलींचा धूर घरांवर खांबासारखा उभा राही. ढगाची सावली जिथे पडे तिथेच दिवसभर पडून असे. पाखरे उडणे सोडून बांधावरून चालत जात, आणि त्याचे कुणाला नवल वाटेनासे झाले होते.

त्या राज्याचा राजा धरणीधर. मनाने वाईट नव्हता, पण त्याला नीटनेटकेपणाचे भारी वेड. शेतात राळा, वरी, नाचणी, साळ असे सगळे शेजारी शेजारी उगवलेले पाहून त्याचे डोळे दुखत. म्हणून त्याने तीन हुकूम काढले. राज्यभर एकच वाण पेरावे, पांढरी साळ. पेरताना पहिली मूठ बांधावर पाखरांसाठी टाकण्याची रीत बंद व्हावी. आणि पेरणी राजा सांगेल त्याच दिवशी व्हावी.

राजाने दिवस सांगितला, लोकांनी पेरले, आणि पाऊस उशिरा आला. पावसाला हुकूम कोण कळवणार? पूर्वी साळ गेली तरी राळा तगायचा. आता एकच वाण, एकच दिवस, सगळेच वाळून गेले. शहाण्या माणसाने हुकूम बदलला असता. धरणीधराने मांत्रिक बोलावला.

मांत्रिकाचे नाव काळकंठ. बोलताना त्याच्या अंगातून कोरडा खसखस आवाज येई. तो म्हणाला, "महाराज, हुकूम बदलू नका. मी आभाळ बदलून देतो."

"मोल काय?"

"आपल्याला नको असलेला वारा. तोच ढग पळवतो."

राजा हो म्हणाला. काळकंठाने वारा चामड्याच्या पिशवीत कोंबला, तिला तीन हुकमांच्या तीन गाठी मारल्या आणि पिशवी कोठारात टांगली. मग पाऊस हुकमाप्रमाणे पडू लागला. साळ माणसाच्या उंचीची झाली. राजाला धन्य वाटले.

पण वाऱ्यावाचून तुऱ्यातला पराग हलेना. लोंब्या दिसायला भरगच्च, आत दाणा नाही. जो काही थोडा धरला तो उफणायला झुळूक नाही. कोठार शिगोशीग भरले, तेही भुशाने. टांगलेली पिशवी आत श्वास घेई आणि तिच्याबरोबर कोठाराच्या भिंती फुगत, ओसरत.

राजाची लेक उर्विला नुकतीच बाळंत झाली होती. राजवाड्यातही खायला भुसाच, तेव्हा तिचे दूध आटले. तान्ही आधी रडली, मग कण्हली, मग गप्प झाली. ते गप्प होणे उर्विलेला सोसवेना. बाळ उराशी बांधून ती बाहेर पडली.

बांधावर एक टिटवी चालत होती. उर्विलेने विचारले, "वारा कसा सुटेल?"

टिटवी म्हणाली, "पहिली गाठ हाकललेल्या बियाण्याने सुटेल. दुसरी पाखराने राजीखुशीने दिलेल्या पिसाने. तिसरी बापाच्या तोंडून. पण जो हुकूम मागे घेईल, त्याला शेतात उभे राहावे लागेल."

ती शेते उर्विलेने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ज्यांनी हुकूम मोडून आपल्या अंदाजाने पेरले, त्यांची काळकंठाने बुजगावणी केली होती. मडक्याची डोकी, गवताचे हात. ती जाऊ लागली तशी मडकी वळली आणि सगळी एका सुरात बोलली, "हुकूम आला का? पेरू का?"

ती पळालीच.

गावाच्या टोकाला रंभाक्का राहत होती. तिचा नवरा त्याच शेतात उभा होता. शिपाई बियाणे जाळायला आले, तेव्हा तिने राळा चिखलात कालवून घराची भिंत लिंपली होती. उर्विलेने पदर पसरला.

रंभाक्का म्हणाली, "भुकेनं जीव जायचा तवा भितीला तोंड लावून बसले, बाई, पर भित फोडली न्हाई. आज फोडते. माझा धनी आला की पुन्हा लिंपू."

पदरात मूठभर राळा आला. त्यातली चिमूट उर्विलेने बांधावर टाकली, जुन्या रीतीने. टिटवीने दाणे टिपले आणि आपण होऊन पंखातले पीस उपटून दिले.

कोठारात जाऊन उर्विलेने राळा लावला तशी पहिली गाठ सुटली, पिसाने दुसरी सुटली. तिसरीला हात लावताच भुशातून काळकंठ उठला. तो हसून म्हणाला, "ही तुझ्या हातची नव्हे."

उर्विला तशीच दरबारात गेली. तिने तान्हीला राजाच्या मांडीवर ठेवले. राजाने नातीच्या नाकापाशी बोट धरले. श्वास लागेना, मग किंचित लागला.

"काय करावे लागेल?" त्याने विचारले.

उर्विलेने सांगितले, शेतात उभे राहण्याचेही. मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला जा म्हणत नाही."

"तू म्हणू नकोस," राजा म्हणाला. "हुकूम काढताना मी कुणाला विचारले होते?"

मुकुट सिंहासनावर ठेवून तो अनवाणी शेतात गेला. मडकी वळली. "हुकूम आला का? पेरू का?"

राजा म्हणाला, "मला ठाऊक नाही. तुम्हीच सांगा, कधी पेरायचे? काय पेरायचे?"

कोठाराचे दार उखडले. वारा सुटला. भुशाचा डोंगर आभाळात गेला, आणि काळकंठही त्याच्याबरोबर, कारण तो आतून भुसाच होता. खाली उरली खऱ्या दाण्यांची रास, पुढच्या पिकापर्यंत पुरेल इतकी. बुजगावण्यांना हातपाय फुटले, पाखरे उडाली, आणि उर्विलेच्या कुशीत तान्हीने असा टाहो फोडला की रंभाक्का रडता रडता हसली.

शेतात एकच बुजगावणे उरले.

उर्विला राणी झाली. तिच्या राज्यात साळीशेजारी राळा उगवतो, पहिली मूठ पाखरांची असते, आणि प्रत्येक गाव आपले आभाळ पाहून पेरते. पेरणीआधी नात त्या शेतात जाते. मडके हळूच वळते आणि विचारते, "यंदा कधी पेरताय?"

ती सांगते. ऐकून आजोबा मान डोलावतात, आणि त्यांच्या खांद्यावरची पाखरे जागची हलत नाहीत.